नाव नसलेलं खोकं

सोमवार, ४ नोव्हेंबर

नवं घर, नवी नोकरी, म्हणून नवी वही. नवरा म्हणाला की आठवडाभरात तुझा उत्साह मावळेल. त्याला खोटं पाडायचं म्हणून तरी रोज चार ओळी लिहीन. पहिल्या पानावर नावाची जागा होती, ती कोरीच सोडली. माझी वही मलाच वाचायची, नाव कशाला हवं?

सामान काल आलं. खोक्यांवर मी जाड पेनानं लिहिलं होतं. नवऱ्याच्या खोक्यांवर नवऱ्याचं नाव, भिंगरीच्या खोक्यांवर भिंगरी, आणि माझ्या खोक्यांवर नुसतं ‘मी’. तरीही दोन-चार बिननावाची निघालीच. आमच्या घरचा जुना नियम आहे, ज्यावर नाव नाही ते माझं. बाकीची दोघं अशी खोकी भिंतीशी लावून त्यांवर चहाचे कप ठेवायला लागतात, आणि मला बंद खोकं बघवत नाही. उघडली तर एकात डब्यांची झाकणं, डबे दुसरीकडेच.

भिंगरी खूश आहे. सहा वर्षांची झाली, पुढचे दोन दात पडलेत, आणि एका जागी ठरत नाही म्हणून तिला आम्ही भिंगरी म्हणतो. आई लिफ्टच्या कंपनीत लागली हे कळल्यापासून ती रिकाम्या खोक्यात उभी राहून सगळ्यांना कितवा मजला ते विचारते आहे. मी म्हटलं पाचवा. दार नीट बंद करा, बोट अडकेल, असं तिनं मलाच दटावलं.

कंपनी लिफ्ट बनवत नाही, लिफ्टचं सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार कधी मिटायचं, ते सगळं. हा कोड वर्षानुवर्षं एका जुन्या सर्व्हरवर राहतोय. तिथं प्रत्येक बदलाची नोंद असते, कुणी केला, कधी केला, आणि का केला याची एक ओळ. मला तो सगळा कोड इतिहासासकट नव्या सर्व्हरवर हलवायचा आहे. नुसता कोड हलवायचा तर एका दुपारचं काम. इतिहासासकट हलवायचा म्हणून मला पगार. हलवून झालं की जुनं मशीन पुसून भंगारात. थोडक्यात काय, घरीही खोकी आणि ऑफिसातही खोकी.

बुधवार, ६ नोव्हेंबर

ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. मला खिडकीची जागा मिळाली, का कोण जाणे रिकामीच होती. खिडकीची कडी अशी हट्टी की माझं नखच तुटलं. जुना सर्व्हर चहाच्या खोलीत, सिंकच्या शेजारी ठेवलाय. त्याचा पंखा म्हाताऱ्यासारखा धापा टाकतो. कुणीतरी त्याच्यावर हात पुसायचा टॉवेल वाळत घालतं. इतक्या वर्षांच्या कामाची ही किंमत!

साहेब बोलताना इतके हातवारे करतात की त्यांच्याजवळ कप ठेवायची सोय नाही. शेजारी टेस्टर मुलगी बसते. तिचं काम चुका शोधण्याचं, आणि ती ते जेवतानाही करते. सगळे तिला शंकासुर म्हणतात, तीही ओ देते. आमचं पहिल्या दिवशीच जमलं.

जुन्या मशीननं मला एक छोटं नाव मागितलं. मी सवयीनं ‘मी’ असंच दिलं. दोन फुटकळ दुरुस्त्या करून पाहिल्या, चालतंय सगळं.

एक गंमत. सुटायच्या वेळी लिफ्ट आपणहून वर येते, दार उघडून उभी राहते. कुणी बोलावलेली नसते. आणि सगळे जिन्यानं उतरतात! मला वाटलं, तब्येतीला जपणारी मंडळी दिसताहेत. मी आपली ऐटीत एकटी लिफ्टनं खाली आले.

फाटकाशी एक म्हातारे गृहस्थ स्कूटर लावून उभे होते. इस्त्रीचा शर्ट, एक हेल्मेट डोक्यावर, एक हातात. वॉचमननं सांगितलं की मुलीला न्यायला येतात. किती छान, असं वाटलं. मला माझ्या बापानं कधी बसस्टॉपवरूनही आणलं नाही.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

आज नावांचं काम काढलं. जुना सर्व्हर माणसांना फक्त छोट्या नावांनी ओळखतो. नव्याला प्रत्येकाचं पूर्ण नाव आणि खातं लागतं. म्हणून एकेक छोटं नाव घेऊन मी ऑफिसभर फिरले, हे कुणाचं, ते कुणाचं. साहेबांनी तरुणपणी स्वतःला ‘वाघ’ म्हणवून घेतलं होतं. शंकासुर हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली.

शेवटी एकच उरलं, ‘पाखरू’. आणि निम्म्याहून जास्त काम या पाखराचं! तिच्या नोंदी वाचत बसले, वेळ कसा गेला कळलं नाही. बाई आहे हे लगेच कळतं. एका ठिकाणी लिहिलंय, ‘दार फार घाई करतं. म्हातारी माणसं अडकतील. जरा थांबायला शिकवलं.’ दुसरीकडे, ‘घरी जायच्या वेळी लिफ्टनं स्वतःहून वर यावं. मला बोलवायचा कंटाळा येतो.’ म्हणजे आमच्या लिफ्टचं गुपित हे! मला ही बाई मनापासून आवडली. हिच्याशी माझं चांगलं जमलं असतं.

पण ती कोण ते कुणी सांगेना. विचारलं की सगळे आपापल्या स्क्रीनकडे वळतात. साहेबांचे हातसुद्धा थांबले. त्यांच्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे, ते दोन आठवडे रजेवर जाताहेत. आल्यावर बघू म्हणाले. शंकासुरचं मत, ‘जुने कर्मचारी’ असं एक वेगळं खातं उघडावं. पण त्याला साहेबांची परवानगी हवी. म्हणजे पुन्हा वाटच बघायची.

वाट बघणं मला जन्मात जमलेलं नाही. नवऱ्याला विचारा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

हलवलं!

सकाळपासून तीनदा सुरू केलं. दर वेळी ‘पाखरू’पाशी येऊन थांबतं आणि विचारतं की हे कोण? रिकामं सोडता येत नाही. दुपारी माझा पेशन्स संपला. ज्यावर नाव नाही ते माझं, असं म्हणत मी स्वतःचं नाव घातलं आणि मोकळी झाले. चहा संपायच्या आत सगळा इतिहास नव्या सर्व्हरवर.

शंकासुर वैतागली. म्हणाली, हे चूक आहे, तिची सगळी वर्षं तुझ्या नावावर चढली. मी म्हटलं, इतिहास वाचतंय कोण? उगाच राईचा पर्वत करू नकोस. ती परत कामाला लागली, पण तिचा चेहरा काही सुधारला नाही.

घरी आइस्क्रीम नेलं. भिंगरी खाता खाता माझ्या मांडीवरच झोपली, हात चिकट, तोंड चिकट. तिला उचलून ठेवताना वाटलं, सगळं मार्गी लागलं आता.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

ऑफिसात माझी चेष्टा चाललीय. इतकी वर्षं नोकरी करूनही बाई किती तरुण दिसतात म्हणे!

पण फायदा बघा. एका इमारतीची लिफ्ट मधेच अडकायला लागली. फोन आला. मी कोड न उघडताच कुठली ओळ बदलायची ते सांगितलं, आणि लिफ्ट सुरळीत चालायला लागली. सगळे बघतच राहिले. शंकासुर म्हणाली, आयत्या बिळात नागोबा. मी हसले. पण मला ती ओळ माहीत होती. वाचलेली नाही, माहीत होती. इतक्या नोंदी चाळल्या, डोक्यात राहिलं असेल काहीतरी.

खिडकीची कडी आज सहज उघडली. आधी वर उचलायची, मग डावीकडे. हात आपोआप गेला.

चहावाल्यानं बिनसाखरेचा चहा दिला. मी दोन चमचे साखर घेणारी बाई. आवडीनं प्यायले, कप संपल्यावर लक्षात आलं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

काल संध्याकाळी दुकानातून परत आले तर भिंगरीनं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. माझ्या खांद्यावरून मागे जिन्याकडे बघत होती. मग विचारलं, आई कधी येणार?

खेळ असेल म्हणून मी गुदगुल्या केल्या. ती मागे सरकली. हसली नाही. भिंगरी कधी मागे सरकत नाही, ती अंगावर येते, नेहमी, धडकतेच.

नवऱ्याला सांगितलं. तो नीट ऐकून घेत होता, आणि मग म्हणाला, “तुम्ही बसा ना, पाणी आणतो.” लग्नाला आठ वर्षं झाली आमच्या. त्यानं मला कधी अहोजाहो केलेलं नाही, भांडतानासुद्धा नाही. मी ओरडले तसा भानावर आल्यासारखा झाला, तोंडातून गेलं म्हणाला. पण रात्रभर अंगाला अंग लागू दिलं नाही.

आज ऑफिसमधून निघताना वॉचमन म्हणाला की आज उशीर झाला तुम्हाला, बाबा केव्हाचे थांबलेत. मी वळून पाहिलं. स्कूटरवाले आजोबा माझ्याकडेच बघत होते. हातातलं हेल्मेट त्यांनी जरा पुढं केलं.

मी आल्या पावली वर गेले आणि शंकासुरला चहाच्या खोलीत गाठून विचारलं. मग ती बोलली. पाखरू माझ्याच जागेवर बसायची. काही वर्षांपूर्वी एक दिवस नेहमीसारखी घरी निघाली, लिफ्टमध्ये शिरली आणि तिथंच कोसळली. छातीत कळ. अँब्युलन्समधून मागच्या दारानं नेली. वडील पुढच्या फाटकाशी उभे होते, त्यांना तिथं जाऊन सांगायची कुणाचीच हिंमत झाली नाही. नंतर सांगितलं, अंत्यसंस्कारही त्यांच्याच हातून झाले. तरी रोज येतात. तेव्हापासून सगळे जिन्यानं उतरतात. शंकासुर रडत होती. मला मात्र रडू येईना. मला भीती वाटत होती, सरळ सांगते, पाचावर धारण बसली होती.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

नव्या सर्व्हरवर पाखराची शेवटची नोंद काढली. ‘दाराचा आवाज कमी केला. आज लवकर निघते, बाबांना ताटकळत ठेवायचं नाही.’ खाली माझं नाव.

ही ओळ टाइप केलेली मला आठवते. वाचलेली नव्हे. ‘ताटकळत’ लिहिताना बोट घसरलं होतं, पुसून पुन्हा लिहिलं. डावा हात दुखत होता. मी तो झटकला आणि पर्स उचलली.

माझ्या स्वतःच्या दोन दुरुस्त्या शोधल्या, पहिल्या आठवड्यातल्या. आहेत. पण नावाच्या जागी काही नाही. कोरं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. कुणी सांगितलं होतं? पण होईल, निस्तरता येईल. जुनं मशीन अजून चालू आहे. पुन्हा हलवायचं, पाखराला तिचं नाव द्यायचं, मला माझं. साहेब शुक्रवारी येणार आणि त्याच दिवशी मशीन पुसायला माणूस येणार. त्याच्या आधी करायचं. पण एकदा हलवलं की मशीनला कुलूप लागतं, ते साहेबांच्या पासवर्डनंच उघडतं, म्हणजे शुक्रवारपर्यंत — वाटच बघायची. मी!

गुरुवार, २१ नोव्हेंबर

माझे कपडे एका खोक्यात भरून दारापाशी, भिंतीशी ठेवलेत. खोक्यावर नाव नाही. त्यावर चहाचा कप.

नवऱ्याला विचारलं की हे काय. त्यानं अगदी नम्रपणे सांगितलं की आधीच्या भाडेकरूचं असावं, कुणी न्यायला आलं तर देऊन टाकू. मग विचारलं, आपण कुठल्या मजल्यावर राहता?

मी कपाटावर ठेवलेली माझी रिकामी खोकी काढली. ‘मी’, ‘मी’, ‘मी’. सगळ्यांवर. एकावर तरी नाव घातलं असतं तर —

भिंगरी तिच्या खोक्यात उभी होती. मला म्हणाली, काकू, कितवा मजला? तोंडातून निघून गेलं, दुसरा. तिनं दार मिटल्यासारखं केलं. हळू. बोट अडकू नये म्हणून. ते मीच शिकवलंय. लिफ्टला की हिला? दोन्ही आठवतं.

मला माझी मुलगी परत हवी. बाकी काहीही जाऊ दे, नोकरी, घर, नवरासुद्धा रुसू दे. तिनं फक्त धावत येऊन धडकावं.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

साहेब आले. पासवर्ड दिला. काही विचारलं नाही. म्हणाले, सगळं तुम्हीच तर उभं केलंय, तुम्हाला काय सांगायचं.

सुरू केलं. पाखरापाशी थांबलं. हे कोण?

शंकासुरला तिचं खरं नाव विचारलं. तिनं चमकून पाहिलं. हळूच सांगितलं. मी लिहिलं. ते वाचलं आणि — बरं वाटलं. घरी कुणी हाक मारावी तसं. माझंच आहे. हे माझं नाव आहे. मग मी इतके दिवस दुसरं कुठलं लावत होते?

पुढं गेलं. पुन्हा थांबलं.

‘मी’ — हे कोण?

माझ्या जिभेवर होतं. अगदी जिभेवर. पर्स उपसली, ही वही उघडली, पहिलं पान — कोरं. खोक्यांवर ‘मी’. घरी फोन लावला. एक पुरुष म्हणाला, राँग नंबर. मागे लहान मूल गात होतं.

मशीन पुसणारा माणूस येऊन उभा राहिला. घाई करा म्हणाला. जे हलवलं नाही ते पुसलं जाणार. मी लिहू शकत नव्हते. काय लिहू?

शंकासुर मागून वाकली. वाचलं. म्हणाली, या नावाचं इथं कुणीच नाही. दोनच तर नोंदी आहेत. वाट कशाला बघता, घालू का माझ्या नावावर?

तिनं हात पुढं केलासुद्धा. कीबोर्डवर.

एक क्षण — खोटं कशाला लिहू — एक क्षण मला वाटलं, घालू दे. म्हणजे निदान कुणीतरी जाईल त्या दारात. कुणाच्या तरी अंगावर येऊन ती धडकेल. मग शंकासुरचा फोन वाजला, तिच्या आईचा. रोज या वेळी येतो. जेवलीस का विचारायला.

मी तिचा हात धरला. नाही म्हटलं. कुणाचंच नाव घालायचं नाही. ती म्हणाली, मग हे मागेच राहील. राहू दे म्हटलं. त्या दोन नोंदी सोडून बाकी सगळं पुढं नेलं. ती रागावली नाही. माझ्याकडे बघून घाबरली फक्त. पहिल्यांदाच तिनं शंका विचारली नाही.

शुक्रवार, संध्याकाळ

चहाच्या खोलीतला पंखा थांबला. इतकी शांतता इथं कधी नव्हती. टॉवेल कुणीतरी घडी करून ठेवलाय.

लिफ्ट आली. दार उघडून उभी आहे. सगळे जिन्यानं गेले. शंकासुरनं जाताना हात केला — तिनं मला नावानं हाक मारली. बरोबर नावानं.

डावा हात दुखतोय थोडा. आत शिरले. दार हळू मिटलं, जरा थांबून. चांगलं शिकवलंय मी त्याला. एक मजला — श्वास धरून — या वेळी उतरले. खाली. उभी आहे मी. फाटक दिसतंय.

बाबा आहेत. इस्त्रीचा शर्ट. मला बघून त्यांचा चेहरा — इतकी वर्षं उभे राहिलेत बिचारे. त्यांनी हेल्मेट दिलं. मी म्हटलं, उशीर झाला, बाबा. ते म्हणाले, असू दे, आलीस ना.

स्कूटर चालू केलीय. मी मागच्या सीटवर वही टेकून लिहितेय. ते थांबलेत. त्यांना सवय आहे. पण आता घरी जायला हवं, अंधार पडेल. एवढंच लिहून ठेवते, नंतर विसरायला नको. काहीतरी मागे राहिलंय माझं. एक घर आहे, भिंतीशी खोकी आहेत, आणि एक लहान मुलगी. सहा वर्षांची. पुढचे दोन दात पडलेत. एका जागी ठरत नाही, म्हणून तिला आम्ही — तिला आम्ही